खुर्च्यांचे गाव

दिवाळीच्या आधी आठ-पंधरा दिवस आपल्या घरांतून एक वेगळाच वास येऊ लागतो. चकली-कडबोळ्यांचा नव्हे, तो मागाहून यावयाचा. हा वास पॉलिशचा. वर्षभर कुरकुरणाऱ्या खुर्चीचा पाय बसवून घ्यावयाचा, टेबलाचा उडालेला रंग सारखा करून घ्यावयाचा आणि ऐपत असेल तर एखादे नवे कपाट करून घ्यावयाचे, हा आपला वार्षिक परिपाठ. सुतार येतो, अंगणात किंवा गॅलरीत ठाण मांडतो, दोन-चार दिवस तासतो, घासतो आणि जातो. त्याच्या मागून घरची बाई केरसुणी घेऊन भुसा लोटते आणि ‘काय हा पसारा!’ म्हणते. पसारा लोटला की आपल्या दृष्टीने लाकडाच्या कामाची हकिकत संपली.

पण ती तेवढ्यावर संपत नाही. भुशाचा जो भाग केरसुणीला सापडतो, त्याची गोष्ट निराळी. आणि जो सापडत नाही, हवेत तरंगत राहतो आणि श्वासाबरोबर माणसाच्या नाकात शिरतो, त्याची गोष्ट निराळी. या दुसऱ्या भुशाचा इतिहास मी सांगणार आहे. सणाच्या अंकात रोगाची कथा कशाला, असे कोणी म्हणेल. मी वैद्य नव्हे. मुलांना शिकवणारा आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. मला या इतिहासात रोगापेक्षा माणसे अधिक दिसली, म्हणून तो सांगावासा वाटतो.

लंडनच्या वायव्येला सुमारे ३० मैलांवर बकिंगहॅमशायर परगण्यात हाय विकम नावाचे गाव आहे. भोवताली चिल्टर्नच्या टेकड्या आणि त्या टेकड्यांवर बीच वृक्षांची दाट राने. बीच हे झाड आपल्याकडचे नव्हे. त्याचे लाकूड घट्ट, सारख्या पोताचे आणि कातावयास सोयीचे. खुर्चीचे पाय करावेत तर त्याचेच. या रानांच्या जोरावर हाय विकम हे खुर्च्यांचे गाव झाले. ‘विंडसर’ नावाची जी खुर्ची प्रसिद्ध आहे, तिची बैठक एल्म वृक्षाच्या फळीची, पाय बीचचे आणि पाठ कमानदार. ती तयार होत असे ती याच मुलखात.

पूर्वी हे काम दोन ठिकाणी चाले. पाय आणि आडव्या दांड्या कातणारे कारागीर रानातच झोपडी बांधून राहत. त्यांना तिकडे ‘बॉजर’ म्हणत. आपल्या सावंतवाडीच्या कातारी मंडळींचेच हे भाईबंद म्हणावयाचे. एक लवचीक फोक, तिला बांधलेली दोरी आणि पायाखाली फळी, एवढ्यावर त्यांचा लेथ चाले. झाड तोडावे, ओले असतानाच त्याचे तुकडे फोडावेत आणि ओलेच कातून ठेवावेत, ही त्यांची रीत. असे पाय गाडीत भरून गावात जात आणि तिथले कारागीर ते वाळवून, जोडून खुर्ची उभी करीत.

गाव मोठे गमतीचे. तिथे एक प्रथा आहे. ती १६७८ सालापासूनची सांगतात. दरवर्षी नगराध्यक्षाला भर चौकात तराजूत बसवून तोलावयाचे. कारभार करता करता वजन वाढले असेल, तर लोकांच्या पैशावर हा माणूस पोसला, असे समजून आरडाओरडा करून त्याची फजिती करावयाची! आपल्याकडे राजेलोकांची सुवर्णतुला होई. ही तुला उलट्या हिशेबाची. नगराध्यक्षाच्या अंगावर चढलेले शेर-दोन शेर मांस ज्या गावाने इतक्या दक्षतेने मोजले, त्या गावाला आपल्या कामकऱ्यांच्या श्वासात काय जाते, हे मोजावयाची बुद्धी फार उशिरा झाली. ती कशी झाली, हाच या लेखाचा विषय.

एकोणिसाव्या शतकात खुर्च्यांचा धंदा भराभर वाढला. १८७३ साली मूडी आणि सँकी हे दोन अमेरिकन धर्मप्रचारक इंग्लंडात आले. त्यांच्या लंडनच्या सभांना माणसे इतकी लोटणार होती की बसावयास खुर्च्या पुरेनात. मागणी गेली ती हाय विकमकडे. एकदम १९,२०० खुर्च्यांची. त्या दशकात गावात रोज चार हजारांहून अधिक खुर्च्या तयार होत असत. १५ डिसेंबर १८७७ रोजी व्हिक्टोरिया राणी जवळच्याच ह्यूएन्डन येथे आपल्या पंतप्रधानाला, डिझरायलीला, भेटावयास गेली. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी दिल्लीच्या दरबारात ती हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली होती, आणि तेव्हा आपल्या दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला होता. राणीच्या स्वागतासाठी गावकऱ्यांनी रस्त्यावर कमान उभारली. आपण आंब्याच्या पानांचे तोरण बांधतो. त्यांनी खुर्च्यांवर खुर्च्या रचून कमान केली. धंद्याचा अभिमान असावा तो असा. आजही त्या गावच्या फुटबॉल संघाला ‘चेअरबॉइज’ म्हणजे खुर्चीवाले असेच म्हणतात.

मागणी वाढली तशी यंत्रे आली. वाफेवर आणि पुढे विजेवर चालणाऱ्या करवती, रंधायंत्रे आणि घासण्याचे पट्टे एकेका शेडमध्ये दाटीने बसले. आणि इथे एक बदल असा झाला की तो कोणाच्या ध्यानातही आला नाही. रानातला कातारी ओल्या लाकडावर काम करी. ओल्या लाकडाच्या ढलप्या निघतात, लांब आणि जड. त्या पायाशी पडतात. कारखान्यातले लाकूड मात्र भट्टीत वाळवलेले. ते जलद फिरणाऱ्या पात्याखाली किंवा घासण्याच्या पट्ट्याखाली गेले की त्याची ढलपी होत नाही, पूड होते, तपकिरीहूनही बारीक. ही पूड खाली बसत नाही. खिडकीतून उन्हाचा कवडसा आला म्हणजे त्यात ती नाचताना दिसते आणि कवडसा सरला की दिसेनाशी होते. हवा मात्र तीच असते.

कामगारांना या पुडीचा त्रास नव्हता असे नाही. कपडे, केस, भुवया पांढऱ्या होत. शिंका येत, नाक चोंदे, घसा कोरडा पडे. पण हा धंद्याचा भागच, अशी सर्वांची समजूत. चाकावर पीठ दळणारा पांढरा होणारच आणि कोळसा उचलणारा काळा होणारच, तसेच हे. १९१३ च्या अखेरीस त्या गावात मालकांनी टाळेबंदी केली. ती १९१४ च्या फेब्रुवारीपर्यंत टिकली आणि सरकारी मध्यस्थ सर जॉर्ज ॲस्क्विथ यांनी तडजोड घडवून आणली. पोटाला चिमटा बसत होता, तेव्हा भांडण झाले ते मजुरीच्या दरांचे आणि युनियनच्या हक्काचे. ते स्वाभाविकच होते. धुळीने आज कोणाचे पोट उपाशी राहत नव्हते. ती आपला हिशेब चाळीस वर्षांनी करणार होती.

चाळीस वर्षे, हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. सगळी मेख त्यातच आहे. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा कारखान्यात उमेदवारीला लागतो. भुसा झाडतो, फळ्या वाहतो, पुढे यंत्रावर उभा राहतो. पस्तिशी-चाळिशीपर्यंत धट्टाकट्टा असतो. पन्नाशी-साठी उलटते आणि एका बाजूची नाकपुडी बंद राहू लागते. सर्दी असेल म्हणून तो काढे घेतो. मग अधूनमधून रक्त येते. उष्णतेने आले असेल असे घरची माणसे म्हणतात. महिने जातात. शेवटी नाकाच्या वरच्या अंगाला, डोळ्यांच्या मधोमध जी पोकळ हाडे असतात, तिथे कर्करोग वाढलेला आढळतो. नाकाच्या आतल्या ग्रंथींतून उपजणारा हा कर्करोग इतका विरळा की कित्येक डॉक्टरांना जन्मभरात एखाददुसराच पाहावयास मिळावा.

आता पाहा, रोगी आज एका डॉक्टरकडे जातो, पाच वर्षांनी दुसरा एक दुसऱ्या डॉक्टरकडे. मध्ये कोणी तो गाव सोडून गेलेला, कोणी कारखाना सोडून दुकान घातलेले. नोंदवहीत नाव असते, वय असते, रोगाचे लॅटिन नाव असते. तो माणूस वयाच्या पंधराव्या वर्षी काय करीत होता, हे कोण लिहिणार? त्यामुळे माणसे एकेकटी आजारी पडली आणि एकेकटी गेली. प्रत्येक घराला वाटले, हे आपल्याच नशिबी आले.

वास्तविक हा प्रश्न विचारावा, हे वैद्यकाला पूर्वीच सांगून झाले होते. इटलीतला बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. संडास उपसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांची अवस्था पाहून त्याला या अभ्यासाची ओढ लागली, असे तो स्वतःच सांगतो. हिपोक्रातिसाने वैद्यांना रोग्याजवळ बसून जे प्रश्न विचारावयास शिकवले, त्यांत रामाझ्झिनीने आणखी एक घातला: तुझा धंदा काय? पुढे १७७५ मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने धुराडी साफ करणाऱ्या मुलांना मोठेपणी होणाऱ्या एका कर्करोगाचे मूळ धुराड्याच्या काजळीत शोधले. कामाच्या ठिकाणचा मळ वर्षानुवर्षे अंगाला लागून राहिला तर त्यातून कर्करोग उद्भवतो, हे तेव्हापासून ठाऊक होते. तरीही काजळीवरून लाकडाच्या भुशापर्यंत यावयास जवळजवळ दोनशे वर्षे लागली. कदाचित काजळी काळी असते आणि लाकूड सोज्वळ दिसते, म्हणूनही असेल. झाडापासून आलेली वस्तू बाधेल, हे मनाला पटत नाही.

१९६० च्या सुमारास हाय विकमच्या इस्पितळात कान-नाक-घशाच्या शस्त्रवैद्य म्हणून एस्मे हॅडफिल्ड या बाई काम करीत होत्या. शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात स्त्रिया तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या. या विरळ्या रोगाचे रोगी आपल्याकडे वाजवीपेक्षा जास्त येतात, हे त्यांच्या ध्यानात आले. आणि त्यांनी रामाझ्झिनीचा तोच जुना प्रश्न विचारला. उत्तर पुनःपुन्हा एकच येऊ लागले: खुर्च्यांचा कारखाना. ऑक्सफर्डच्या इस्पितळातले नाकाचे शस्त्रवैद्य रोनाल्ड मॅकबेथ यांनाही असेच काही जाणवले होते. नाकाजवळच्या पोकळ हाडांच्या कर्करोगावर त्यांनी १९६५ साली लेख लिहिला, त्यात लाकूडकाम करणाऱ्यांचा उल्लेख केला.

संशय येणे वेगळे आणि सिद्ध करणे वेगळे. खुर्च्यांच्या गावातल्या इस्पितळात खुर्चीवालेच यावयाचे, असे कोणीही म्हणू शकला असता. आणि ते म्हणणे खोडून काढल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. इथे तिसरा माणूस आला. डोनाल्ड ॲचेसन हे ऑक्सफर्डचे डॉक्टर. निरनिराळ्या इस्पितळांत विखुरलेल्या एकाच माणसाच्या नोंदी एकत्र जोडण्याची एक मोठी योजना ते चालवीत होते. मोजणी हा त्यांचा प्रांत. त्यांनी भोवतालच्या परगण्यांतले सुमारे दहा वर्षांतले नाकाच्या कर्करोगाचे रोगी गोळा केले. प्रत्येकाचा आयुष्यभराचा धंदा शोधला. आणि शिरगणतीवरून त्या भागात लाकूडकामावर माणसे किती, हे ताडून पाहिले.

१९६७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आणि १९६८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या मंडळींचे लेख आले. दुसऱ्या लेखात त्यांच्या जोडीला रोगनिदानतज्ज्ञ कॉडेल होते. त्यांतला आकडा साधा पण भयंकर आहे. फर्निचरच्या धंद्यातल्या लाकूडकाम्यांत या विशिष्ट कर्करोगाचे प्रमाण दरवर्षी हजारी ०.७, म्हणजे दहा हजारांत सात, इतके निघाले. इतर लोकांत हा रोग जवळजवळ नसतोच. तेव्हा हे प्रमाण त्यांच्या शेकडो पट होते. त्या काळी इंग्लंडात विडी-सिगारेटीपायी फुप्फुसाच्या कर्करोगाचा कहर चालला होता. सामान्य इंग्रज पुरुषांत त्या रोगाचे जे प्रमाण होते, जवळजवळ त्याच मानाने हा विरळा रोग सुतारांच्या नाकात होत होता.

या अभ्यासातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट सांगतो. दोष लाकडाचा की लाकडाला फासलेल्या पदार्थांचा, हा प्रश्न होता. रोगण, पॉलिश, सरस, यांपैकी कशावरही संशय घेता आला असता. त्यांनी कामे निरनिराळी काढून पाहिली. करवतीवर आणि घासण्याच्या यंत्रावर उभे राहणारे, खुर्च्या-कपाटे जोडणारे, हे रोगी होते. त्याच छपराखाली पॉलिश करणारे मात्र वाचलेले दिसले. गाव तेच, अन्न तेच, दारूचे गुत्तेही तेच; फरक एवढाच की एकाच्या हाताखाली कोरडे लाकूड दळले जात होते आणि दुसऱ्याच्या हाताखाली नव्हते. चोर सापडला तो असा. बीच आणि ओक यांसारख्या टणक लाकडांच्या पुडीवर बोट ठेवले गेले.

पुढची गोष्ट सरकारला शोभेशी झाली. १९६९ सालीच ब्रिटनमध्ये हा रोग नुकसानभरपाईस पात्र अशा धंद्याच्या रोगांच्या यादीत गेला. आतापर्यंत ज्याला घरच्यांनी नशीब म्हटले, त्याला कायद्याने कारण म्हटले. कोणाच्या विधवेला त्यातून चार पैसे मिळाले असतील. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ‘हे तुमच्या माणसाच्या कामामुळे झाले’ असे कोणीतरी अधिकाराने सांगितले. ॲचेसन पुढे १९८३ ते १९९१ या काळात इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी झाले. हॅडफिल्डबाई मात्र आपल्या गावच्या रोग्यांचे नाक तपासत राहिल्या.

नाकात नेमके होते काय, हेही त्यांनी शोधले. ईश्वराने नाक ही वस्तू मोठ्या विचाराने घडवली आहे. आत सूक्ष्म केसांचा गालिचा असतो आणि त्यावर ओलसर श्लेष्माचा थर. धुळीचा कण आला की तो थराला चिकटतो आणि हे केस लाटेसारखे हलून त्याला घशाकडे लोटतात. घरची बाई जसा केर दाराबाहेर लोटते, तशी ही अखंड झाडलोट. आपल्या नाकात ती पाऊण तासाच्या आतच एकेक कण बाहेर काढते. हॅडफिल्ड, मॅकबेथ आणि त्यांचे सहकारी यांनी १९७४ साली दाखवून दिले की वर्षानुवर्षे लाकडाच्या पुडीत वावरलेल्यांच्या नाकातली ही झाडलोट मंदावलेली असते. लाकडाचे कण जाडसर. ते फुप्फुसापर्यंत न जाता बहुतेक नाकातच अडतात. केर रोज पडतो आणि केरसुणी झिजलेली, असे घर वीस-तीस वर्षे चालले तर काय होईल, हे सांगावयास डॉक्टर कशाला हवा?

एकदा प्रश्न विचारावयाची सवय लागली की तो दुसऱ्या दारीही विचारला जातो. ॲचेसन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७० साली नॉर्थॅम्प्टनशायरच्या जोडे-बूट करणाऱ्यांतही नाकाचा कर्करोग अधिक असल्याचे दाखवले. तिथे पूड चामड्याची होती. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी संस्था फ्रान्समधल्या लियाँ शहरी आहे. तिने १९८१ साली फर्निचरच्या धंद्याला कर्करोगकारक ठरवले. आणि निरनिराळ्या देशांतला पुरावा पाहून १९९५ साली लाकडाच्या पुडीलाच तंबाखूच्या पंक्तीत, पहिल्या वर्गात, बसवले.

हे झाले पुडीचे. पण लाकडाच्या कामात हवेत पूड एकटीच नसते. दुसऱ्या महायुद्धात हाय विकमच्या कारखान्यांनी खुर्च्या बाजूला ठेवून विमाने हाती घेतली. ‘मॉस्किटो’ हे प्रसिद्ध लढाऊ विमान जवळजवळ सगळे लाकडाचे. ते प्रथम उडाले २५ नोव्हेंबर १९४० रोजी, आणि त्याचे भाग या खुर्चीवाल्यांनी घडवले. पातळ फळ्या एकावर एक चिकटवून ते सांगाडे होत. त्यांसाठी जनावरांच्या सरसाऐवजी नवी रासायनिक खळ आली, फॉर्माल्डिहाइडपासून केलेली. युद्ध संपले, खळ राहिली. आज आपल्या घरातले प्लायवूड आणि भुसा दाबून केलेल्या फळ्या बहुधा याच जातीच्या खळीने बांधलेल्या असतात.

फॉर्माल्डिहाइड हे नाव अवघड वाटले तरी त्याची ओळख बहुतेकांना आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीत बेडूक बुडवून ठेवलेला असतो, त्या पाण्यात तेच असते. झाकण उघडताच डोळे चुरचुरतात. नव्या कपाटाचे दार उघडल्यावर जो झोंबरा वास येतो, त्यात पुष्कळदा याचाच अंश असतो. घरात तो हळूहळू कमी होतो. पण जो माणूस रोज असल्या फळ्या कापतो, दाबतो, घासतो, त्याच्यासाठी तो रोजच नवा. लियाँच्या त्याच संस्थेने या वायूलाही २००४ साली पहिल्या वर्गात टाकले. शिवाय काही लाकडे स्वतःच आपली रसायने घेऊन येतात. शिसवाचे काम करताना अंगाला खाज सुटते, सागाच्या भुशाने कातडी लाल होते, हे आपल्या सुतारांना पुस्तकावाचून ठाऊक आहे. कॅनडात तांबड्या सीडारच्या लाकडाने गिरणीकामगारांना दमा होतो, हे मोइरा चॅन-युंग या डॉक्टरीणबाईंनी १९७० नंतरच्या दशकात तपशीलवार दाखवून दिले.

आता आपल्या दाराशी येऊ. मुंबईत रे रोडच्या वखारी आहेत, बल्लारशाला सागवानाचे डेपो आहेत, आणि गावोगाव एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये करवत घरघरत असते. पूर्वी आपला सुतार पटाशी आणि रंधा घेऊन येई; त्याच्या रंध्यातून निघालेल्या गुंडाळ्यांशी मुले खेळत. आता तो विजेची करवत आणि घासण्याचे यंत्र घेऊन येतो. काम एका दिवसात होते, आपण खूश होतो. विकमच्या कातारी रानातून कारखान्यात गेला तेव्हा जे झाले, तेच आपल्याकडे सुताराच्या पिशवीत झाले आहे. १९४८ सालच्या कारखाना कायद्याने यंत्रशक्तीवर दहा आणि यंत्रावाचून वीस माणसे राबत असतील, त्या जागेला कारखाना म्हटले. आपले सुतार दोघे-तिघे मिळून काम करणारे. ते त्या व्याख्येच्या उंबऱ्याबाहेरच राहिले.

आणि तो प्रश्न? आमच्या शाळेच्या प्रवेश-अर्जात ‘पालकाचा धंदा’ असा एक रकाना असतो. दर जूनमध्ये मी त्यात लिहितो: शेतकरी, गवंडी, सुतार, ड्रायव्हर. मुलगा वर्गात मागे का राहतो, हे समजावयास त्याचा पुष्कळ उपयोग होतो. इस्पितळाचे केसपेपरही मी बरेच पाहिले, माझ्या घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे. त्यांवर नाव असते, वय असते, गाव असते. धंद्याचा रकाना असलाच तर कोरा असतो. मुलाच्या प्रगतीसाठी बापाचा धंदा विचारणारा समाज बापाच्या आजारासाठी तो विचारीत नाही, हे मला विचित्र वाटते. हॅडफिल्डबाईंजवळ काही अद्भुत यंत्र नव्हते. त्यांनी हा रकाना भरला, एवढेच.

भिववण्याचा माझा हेतू नाही. हा रोग विरळाच आहे. दिवाळीला दोन दिवस सुतार आला म्हणून घरच्यांना काही होत नाही. धोका आहे तो वर्षानुवर्षे त्या पुडीत उभे राहणाऱ्याला. आणि उपाय काही आकाशातले नाहीत. पूड हवेत पसरण्याआधी यंत्राच्या तोंडाशीच ओढून घेणारी नळी आणि पिशवी मिळते. साधा रुमाल बारीक पूड अडवीत नाही. त्यासाठी योग्य मुखपट्टीच लागते. भुसा कोरडा झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावा, आणि अंगावरची पूड हवेच्या झोताने उडवू नये. उडवलेली पूड पुन्हा नाकातच येते. घासण्याचे काम बंद खोलीपेक्षा मोकळ्या अंगणात करावे. एकच नाकपुडी आठवडेच्या आठवडे चोंदत असेल, रक्त येत असेल, तर काढ्यावर थांबू नये. डॉक्टरकडे जावे आणि न विचारता सांगावे की मी लाकडाचे काम करतो.

युरोपातल्या देशांनी आता या पुडीचे वजनही ठरवले आहे. टणक लाकडाची पूड एक घनमीटर हवेत दोन मिलिग्रॅमहून अधिक असू नये, असा नियम तिथे जानेवारी २०२३ पासून लागू झाला. मास्तर असल्यामुळे मी त्याचे गणित करून पाहिले. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोली घेतली, तर तिच्यातल्या सगळ्या हवेत मिळून सत्तावन्न मिलिग्रॅमच्या आसपास पूड चालेल. आमटीत घालावयाच्या चिमूटभर मिठाहूनही कितीतरी कमी. त्यापुढची प्रत्येक कणी कोणाच्या तरी नाकावर उधार राहते.

हाय विकममध्ये नगराध्यक्षाला तोलण्याची प्रथा अजून चालू आहे, आणि बीचची रानेही आहेत. तिथे मोजले न गेलेले ओझे किती माणसांनी किती वर्षे वाहिले, याचा हिशेब एका बाईने विचारलेल्या साध्या प्रश्नामुळे लागला. यंदा आपल्या घरी सुतार येईल तेव्हा चहाचा कप पुढे करताना आपणही त्याला विचारावे: किती वर्षे झाली या कामाला? श्वासाला त्रास होतो का? नाक-तोंड झाकावयास काही आणले आहे का? त्याने नसेल आणले, तर फटाक्यांच्या खर्चातून तेवढे पैसे सहज निघतील. लक्ष्मीपूजनाला आपण ज्या चौरंगावर लक्ष्मी बसवतो, तोही कोणाच्या तरी हातचाच असतो.